मध्यची जागा

लिफ्ट बंद ठेवायची ही युक्ती थोरल्या सुनेची. शहरातल्या निम्म्या लिफ्टची देखभाल धाकट्या दिराकडे होती आणि या इमारतीच्या लिफ्टची किल्ली तर कायम त्याच्या खिशात. रविवारी कचेऱ्यांना सुट्टी, म्हणून लिफ्टलाही सुट्टी, असं सासूबाईंना तोंड गंभीर करून सांगायचं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्या या घराकडे फिरकल्या नव्हत्या. जिना बघतील, कपाळाला हात लावतील आणि खालच्या खाली परत जातील.

सासूबाई परत गेल्या की उद्याच्या सुनावणीतलं भाषण त्यांच्या हाती पडणार नाही. बाई बोलल्या नाहीत, तर मतदारसंघांच्या पुनर्रचना आयोगाला अडवणारं शहरात दुसरं कोणी नाही. आयोगाला कोणी अडवलं नाही, की शहराच्या मध्यभागाचा तो जुना मतदारसंघ चारी बाजूंच्या मतदारसंघांत वाटून टाकला जाईल. आणि 'मध्य' उरलाच नाही, की तिचा नवरा पाचव्यांदा निवडणुकीला उभा राहू शकणार नाही. सुनेचं गणित असं सरळ होतं. ती शाळेत गणितच शिकवत असे.

नवऱ्याला तिनं कधीच स्पष्ट विचारलं नव्हतं. खासदार झाल्यापासून त्याच्याकडून सरळ उत्तर मिळणं बंद झालं होतं. भाजीत मीठ कमी आहे का, या प्रश्नालाही तो शिष्टमंडळाला द्यावं तसं उत्तर देई. झोप उडालेली, रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा वाढवलेल्या. पण आयोगाचा अहवाल आल्यापासून गडी भाषण लिहीत बसला होता. कागदावर कागद फाडत होता. ते बघून तिला वाटे, याला अजून हौस आहे. नाकापेक्षा मोती जड झालाय, पण काढवत नाही.

आणि हे घर! "ज्याचं मत मागायचं, त्याच्याच जिन्यावर राहायचं," हा सासऱ्यांचा दंडक. म्हणून मध्यच्या खासदारानं मध्यमध्येच राहायचं. सासऱ्यांच्या वेळी या जिन्यावर माणसं मावत नव्हती. आता खाली विमा कंपनी, तिच्यावर दातांच्या डॉक्टरांना सामान विकणारे, त्यांच्यावर प्रवास कंपनी, आणि सगळ्यात वर हे दोघं. संध्याकाळी सगळे दिवे मालवून निघून जात. साखर संपली तर उसनी मागायला शेजारीण नाही, आणि भांडायचं म्हटलं तरी कोणी नाही. रस्त्यावर उरत ती मांजरं आणि रखवालदार. दीर, नणंद आणि खासदारकी सोडल्यापासून सासूबाईही मात्र सासऱ्यांनीच शहराबाहेर वसवलेल्या वसाहतीत, झाडाखाली गाड्या लावून राहत होते.

सून चहाचं आधण ठेवत होती, तेवढ्यात खालून आवाज आला. काठी टेकल्याचा. मग थोडी शांतता. मग पुन्हा काठी.

सासूबाई जिना चढत होत्या.

*

"आई, अगं राहू दे ना," धाकटा तिसऱ्यांदा म्हणाला. "दादालाच खाली बोलावतो. समोरच्या बाकावर बसून बोला काय ते."

"खासदाराला बाकावर बसवतोस? सर."

आई पहिल्या मजल्याच्या चौकात थांबली. समोर विमा कंपनीचं काचेचं दार, आत अंधार. तिला मात्र खळीचा वास आला. इथे पुस्तकबांधणी करणारं कुटुंब राहायचं. दोन खोल्यांत आजी-आजोबांपासून पाळण्यापर्यंत सगळे. दाराबाहेर चौकातसुद्धा पुस्तकांवर वजनं ठेवून ती वाळत पडलेली असत. पाय ठेवायला जागा नसे.

तिचा नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. पुढे संसदेत गेला तरी अख्खं शहर त्याला जुळारीच म्हणत राहिलं. पहिल्या निवडणुकीला त्यानं प्रचार सुरू केला तो याच जिन्यावरून, आणि तोही वरून खाली. आधी गुपचूप शेवटच्या मजल्यावर जायचं, दम खायचा, तोंड पुसायचं आणि मग एकेक दार वाजवत उतरायचं. "चढताना माणूस धापा टाकतो," तो म्हणे, "आणि धापा टाकणाऱ्याला लोक पाणी देतात, मत देत नाहीत." त्याच्याविरुद्ध उभा असलेला अत्तरवाला खालून वर गेला. तिसऱ्या मजल्यावर त्याला घेरी आली आणि जुळाऱ्यानंच त्याला खांद्याचा आधार देऊन उतरवला. लोकांनी ते पाहिलं. त्यानंतर अत्तरवाला दोनदा उभा राहिला, पण पडलाच.

"चल," आई म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर तिनं भिंतीला पाठ टेकली. इथे कपडे शिवणाऱ्या दोघी बहिणी होत्या. लग्नं केली नाहीत, पण दोघींचं एकमेकींशी जन्मभर भांडण. एक जुळाऱ्याला मत द्यायची, दुसरी अत्तरवाल्याला. मतदानाला मात्र एकाच छत्रीतून जायच्या. जुळारी हात जोडून म्हणे, "अहो, तुम्ही दोघी घरीच बसलात तरी निकाल तोच लागेल." त्यावर धाकटी म्हणायची, "मग हिला कळणार कसं, की मी हिच्या विरोधात आहे?"

आई एकटीच हसली. धाकट्याला कारण कळलं नाही, पण आईचं हसू बघून त्याचं मन कच्चं झालं. वहिनीची बाजू घ्यायची हे त्यानं मनापासून ठरवलं होतं, कारण दादाचा चेहरा त्यालाही बघवत नव्हता. पण इथे आई दुखरा पाय उचलून उचलून टाकत होती आणि खिशातली किल्ली त्याला टोचत होती.

"गुडघा फार दुखतोय का गं?"

"दुखतोय." आईनं त्याच्याकडे न बघता पुढची पायरी घेतली. "किल्ली खिशात वाजतेय तुझ्या."

धाकट्याची पाचावर धारण बसली. "ती... ती दुसऱ्या इमारतीची आहे."

"वहिनीनं सांगितलं?"

"आई, तिचं चुकत नाही गं. दादाची तब्येत..."

"मी कुठे म्हणतेय चुकतंय म्हणून? मला चढायचंच होतं. लिफ्टनं वर गेले असते तर मला फक्त भिंत दिसली असती." तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "पण उतरताना लिफ्ट सुरू कर. एवढी काही मी थोर नाही."

तिसऱ्या मजल्यावर ट्रामचा वाहक राहायचा. रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून जुळारी त्याचं दार कधीच वाजवत नसे, चपला हातात घेऊन पुढे जात असे. तो वाहक पुढे सगळ्या ट्राममध्ये सांगत सुटला, की मला झोपू देणारा एकच उमेदवार आहे. आता तिथे प्रवास कंपनीचं चित्र होतं, त्यात निळा समुद्र आणि एक रिकामी खुर्ची. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. एकाही दारामागे माणूस नव्हता, आणि थोरल्याला गेली वीस वर्षं आपण याच दारांवर उभं करतोय, हे तिला आज पायांनी कळलं.

पण त्याला ते आवडतं, तिनं स्वतःला बजावलं. आवडत नसतं तर बोलला नसता का? ही जागा गेली तर तो काय करेल? घरात बसून खंगेल. याच काळजीनं ती निघाली होती.

*

जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला होता. थोरल्याची बहीण, ताई, त्यावर दोन्ही हात टेकून उभी होती. ताईनं उभी हयात रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या, त्यामुळे तिनं नुसतं "पंखा लाव" म्हटलं तरी काहीतरी गंभीर घडल्यासारखं वाटे.

"आई आली! चढून?" ताई धावली. "बघितलंस दादा? मी म्हटलं नव्हतं? आई माघार घेणारी नाही."

थोरल्यानं पुढे होऊन आईला खुर्चीत बसवलं. सुनेनं पाण्याचा पेला पुढे केला. तिची आणि दिराची नजरानजर झाली. दिरानं मान खाली घातली, आणि आपली फौज पहिल्याच चढाईत गारद झाली हे सुनेला कळलं.

"आधी हे ऐक," ताईनं अहवाल उचलला. "'शहराच्या मध्य भागाचा सातत्याने ऱ्हास होत गेल्यामुळे स्वतंत्र मतदारसंघ राखण्याचे प्रयोजन उरलेले नाही.' ऱ्हास! बाबांनी जिथे हाडांची काडं केली, त्याला हे ऱ्हास म्हणतात. उद्या तू उभी राहा आणि आयोगाला चांगलं फैलावर घे."

"ताई," सून म्हणाली, "मतदार उरले नाहीत, हे तर खरं आहे ना? मागच्या निवडणुकीत हरलेल्याला आणि जिंकलेल्याला मिळून जेवढी मतं पडली, तेवढी माणसं एका नाट्यगृहात बसली असती."

"म्हणून बाबांचं नाव पुसायचं?"

"नाव कोण पुसतंय? पण त्या नावासाठी इथे राहतं कोण? तुम्ही तिकडे, भावजी तिकडे. सकाळी खिडकी उघडली की तुम्हाला झाड दिसतं. मला जिना उतरताना दातांचे साचे दिसतात."

"वहिनी, हा प्रश्न सोयीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"मग त्या तत्त्वासाठी तुम्ही उभ्या राहा ना."

"मला कधी कोणी विचारलं?" ताई म्हणाली.

हे ती बातम्यांच्या आवाजात बोलली नाही, नेहमीच्याच आवाजात बोलली. धाकट्यानं बशीतलं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. थोरला नकाशाची घडी सरळ करू लागला. या घराला अवघड प्रश्नांवर अळीमिळी गुपचिळी करायची जुनी सवय होती. संसदेत दोन पिढ्या काढल्या होत्या ना.

"भाषण लिहिलंयस म्हणे," अखेर आई थोरल्याला म्हणाली. "ताई, तू वाच. तुझ्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं."

ताईनं घसा साफ केला. "'अध्यक्ष महोदय, मध्य हे या शहराचे हृदय आहे. हृदयाचे चार तुकडे करून ते शेजाऱ्यांना वाटता येत नाही. इथल्या प्रत्येक जिन्यावर लोकशाहीची पावले उमटली आहेत...'"

"थांब." आईनं थोरल्याकडे पाहिलं. "हे तू लिहिलंस?"

"हो. का? फार झालं का?"

"चांगलं आहे. तुझं नाही वाटत."

थोरल्यानं स्वतःचं असं लेखन शेवटचं केलं होतं ते टेकडीवरच्या वेधशाळेत. रोज सकाळी वारा, दाब, आर्द्रता नोंदवायची, ढग कुठल्या जातीचे ते लिहायचं. खोटं लिहायची सोयच नव्हती, ढग सगळ्यांना दिसत. बाबा खासदार असतानाच गेले, पोटनिवडणुकीला आई उभी राहिली, ती चांगली तीन वेळा निवडून आली. मग एक दिवस वेधशाळेत आईचा फोन आला. ती थकली होती, पक्षात कोणावर भरवसा उरला नव्हता. "एकदाच उभा राहा," ती म्हणाली होती, "मग बघू." तो टेकडीवरून उतरला आणि परत गेलाच नाही. मग बघू, असं पुढे कोणी म्हणालंच नाही.

वाईट खासदार नव्हता तो. नळ, रस्ते, शाळांची छपरं, सगळं मन लावून केलं. पण अहवालाची बातमी आली त्या सकाळी, मध्य रद्द होणार हे वाचून त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती आनंदाची, आणि त्या आनंदाची त्याला इतकी लाज वाटली की तो लगेच हरकतीचं भाषण लिहायला बसला. ही जागा म्हणजे आईचं अर्धं आयुष्य. ती गेली आणि लेकानं हूं की चूं केलं नाही, असं तिला वाटता कामा नये.

"एक सांग," आई म्हणाली. "मी उद्या हे सगळं म्हटलं आणि त्यांनी जागा ठेवली, तर तू उभा राहशील?"

सून गाळणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"राहीन," थोरला म्हणाला. "अर्थात राहीन. तू काळजी करू नकोस. तुझ्यासाठी राहीन मी."

"माझ्यासाठी?"

"मग? तुझी जागा आहे ती. माझ्या हातून गेली असं..."

"अरे, पण मी तुझ्यासाठी आलेय!" आईनं काठी आपटली. "गुडघ्यांची वाट लावून वर आले ती, जागा गेली तर माझ्या पोराचं कसं होणार म्हणून! माझं काय आहे तिच्यात? मला तर अहवाल वाचल्यापासून डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय, आणि तुझ्यासमोर बोलायची चोरी!"

"तुला... बरं वाटतंय?"

"तुला नाही वाटत?"

थोरल्यानं तोंड उघडलं. वीस वर्षांची सवय होती, 'आपला मुद्दा लक्षात घेतला जाईल' असंच काहीतरी बाहेर पडणार होतं. पण बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, हातात गाळणं तसंच.

"वाटतंय," तो म्हणाला. "आई, मला फार बरं वाटतंय गं. मला उभं राहायचं नाहीये. मला कधीच..." तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं डोळे दाबून धरले.

पहिल्यांदा फुटला तो धाकटा. त्यानं आधी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग ते नाकातून बाहेर आलं. "म्हणजे आई तुझ्यासाठी, तू आईसाठी, आणि मी फुकट लिफ्ट बंद ठेवली!"

"लिफ्ट तू बंद ठेवलीस?" ताई ओरडली.

"वहिनीनं सांगितलं म्हणून!"

सून तिथेच उंबऱ्यावर बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिचा जीव असा काही भांड्यात पडला होता की त्याचा आवाज खाली विमा कंपनीत गेला असावा. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला इथलं हे सगळं आवडतं असं वाटायचं मला. खासदाराचं घर, ही जागा..."

"दातांचे साचे? मला?"

आई उठली आणि थोरल्याजवळ गेली. पोराच्या डोक्यावर केस विरळ झाले होते, तिथे तिनं हात ठेवला. "एकदाच म्हणून बोलावलं होतं मी तुला. आणि मग मूग गिळून बसले. तू जिंकत होतास ना, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही. चुकलं माझं."

"असू दे गं."

"असू दे कसं? चुकलं ते चुकलं."

*

एवढ्या आनंदात एकटी ताई नकाशापाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. सगळे सुटले होते आणि बाबा मात्र तिच्या एकटीच्या गळ्यात राहिले होते.

"छान," ती म्हणाली. "सगळ्यांची सोय झाली. म्हणजे बाबांचं कोणालाच काही नाही. त्यांनी आयुष्य घातलं त्याचा शेवट 'ऱ्हास' या शब्दानं झाला तरी चालेल."

"बस इथे," आई म्हणाली.

"मला नाही बसायचं."

"मग उभ्यानं ऐक. वसाहत बांधून झाली, पहिली कुटुंबं तिकडे निघाली, तो दिवस तुला आठवतो? तू शाळेत होतीस. या जिन्यावरून सामान उतरत होतं. पुस्तकबांधणीवाल्यांचं कपाट अडकलं वळणावर, तर तुझे बाबा खालून खांदा लावून उभे. पक्षाचे चिटणीस डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, 'साहेब, ही तुमची मतं चाललीत लॉरीत भरून.' त्यावर हे म्हणाले, 'मतं कुठली, माणसं चाललीत. यांच्या नव्या घराला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत.'"

ताई खुर्चीच्या काठावर टेकली.

"घरी आले, हात धुतले आणि मला म्हणाले, आणखी दोन वसाहती झाल्या की ही जागा संपते. मी म्हटलं, मग थांबा ना थोडं. तर म्हणतात कसे, 'थांबून कसं चालेल? त्या बहिणींच्या खोलीत भिंतीला ओल आलीय.' दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. एवढी मेहनत करून माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो आणि वर खूश! पुढे मी उभी राहिले, तेव्हा प्रत्येक रिकाम्या दारापाशी चिडायचे त्यांच्यावर. आज नाही चिडले. आज जिना चढताना वाटलं, एकेक दार रिकामं झालंय ते त्यांना हवं होतं म्हणून."

"म्हणजे बाबांना माहीत होतं," ताई हळूच म्हणाली.

"पक्कं माहीत होतं."

ताईनं अहवाल पुन्हा हातात घेतला. ते वाक्य तिनं मनातल्या मनात वाचलं, ओठ हलले तेवढेच. "मग हे चूक आहे," ती म्हणाली. "जागा घालवणं चूक नाही. हे वाक्य चूक आहे."

"चूकच आहे. म्हणून उद्या आपण जाणार."

"आता कशाला?" धाकटा दचकला. "हरकत घ्यायचीच नाही ना?"

"जागेला नाही घ्यायची."

थोरल्यानं मग पक्षाच्या अध्यक्षांना फोन लावला आणि आमचं कुटुंब मध्य राखण्याचा आग्रह धरणार नाही, असं सांगितलं. पलीकडून अध्यक्षांचा आवाज आला, "खरं सांगता? अहो, बाईंना कसं सांगायचं म्हणून आम्ही दोन महिने एकमेकांना पुढे ढकलतोय!" सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ते इतके खूश झाले, की फोन ठेवताना त्यांनी थोरल्याचं अभिनंदन केलं.

*

सुनावणी नगरभवनाच्या लांबलचक दालनात होती. आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. बाई येणार हे कळल्यामुळे त्यांनी जाडजूड फायली समोर रचून ठेवल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना एकेक सदस्य बसवून बंदोबस्त केला होता. आई आत आली तशी मागच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले. थोरला तिच्या शेजारी बसला. सून, धाकटा आणि ताई त्यांच्या मागे.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "आपल्याबद्दल आम्हाला सर्वांनाच आदर आहे. पण सुरुवातीलाच सांगतो, आकडे आपल्या बाजूनं नाहीत."

"आकडे बरोबर आहेत," आई म्हणाली. "मी काल पायांनी मोजून आले. एक वाक्य तेवढं चुकलंय तुमचं."

तिनं ताईला खूण केली. ताई उठली आणि तिनं ते वाक्य वाचलं. त्या आवाजात शहरानं वर्षानुवर्षं पूर, संप आणि निकाल ऐकले होते. 'ऱ्हास' हा शब्द आला तेव्हा अध्यक्षांनीच नजर खाली घातली.

"माझे यजमान या जागेवर होते," आई म्हणाली. "इथे एका खोलीत सात-सात माणसं झोपायची. भिंतींना ओल होती. नळासाठी रांग लागायची आणि रांगेत मारामाऱ्या व्हायच्या. त्यातली सगळी माणसं आता हवेशीर घरांत राहतात. त्यांची मुलं दुसऱ्या मतदारसंघांत मतं देतात, आणि कोणाला देतात ते आम्हाला विचारत नाहीत. याला तुम्ही ऱ्हास म्हणता? शहर वाढतं तेव्हा मध्य रिकामा होतो, एवढंच झालंय."

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे आपला आक्षेप मतदारसंघ रद्द करण्याला नाही?"

"नाही."

डावीकडच्या सदस्याला ठसका लागला. अध्यक्षांनी लेखनिकाला बोलावलं आणि सांगू लागले, "लिहा. मध्य भागातील कुटुंबे शहराच्या इतर भागांतील घरांत राहावयास गेल्यामुळे..."

"चांगल्या घरांत," आई म्हणाली.

"...इतर भागांतील चांगल्या घरांत राहावयास गेल्यामुळे," अध्यक्षांनी दुरुस्त केलं, "स्वतंत्र मतदारसंघाची आवश्यकता राहिलेली नाही." लेखनिकानं ते परत वाचून दाखवलं. मागे ताईनं नाक पुसल्याचा आवाज आला.

"आणखी काही, बाई?"

आई काठीवर जोर देऊन उठली. थोरला तिला आधार द्यायला उठला, तर तिनंच त्याचा दंड धरला आणि त्याला अध्यक्षांसमोर उभं केलं, शाळेत नाव घालायला आणलेल्या मुलाला करावं तसं.

"हा माझा थोरला," ती म्हणाली. "मध्यचा शेवटचा खासदार. यानं काम चांगलं केलं, तेही कुठेतरी लिहा जमलं तर. आता याला मी घरी नेते."

आणि तिनं त्याला नेलं.